भाजल्यावरचं मलम

मंगळवार, दुपार

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. तू, दादा, वहिनी आणि दादाची नातवंडं मजेत असाल असं धरून चालते. पुढे 'मी इकडे खुशाल आहे' असं लिहायचं असतं, पण मी खुशाल नाही, आणि आज सकाळी तुझं पार्सल आल्यापासून तर मुळीच नाही. फोनवर बोलायला गेले की मी ओरडते आणि तू फोन ठेवून देतेस, म्हणून लिहिते आहे. कागदावर मला ओरडता येणार नाही, एवढा तरी तुझा फायदा.

तर मलम पाठवलंस. भाजल्यावर लावायचं मलम, एक सोडून तीन ट्यूब, जसं काही मी दुकानात येणाऱ्या सगळ्या गिऱ्हाइकांना चोपडणार आहे. सोबत चिठ्ठी. 'ताई, दिवसातून दोनदा लाव. माझ्या हातून जे झालं त्याची क्षमा कर.' इथवर मी गप्प बसून वाचलं. पुढची ओळ वाचली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. 'यापुढे मी इस्त्रीला हात लावणार नाही. माझं मशीन कुणी घेत असेल तर देऊन टाक.'

देऊन टाक म्हणे. चाळीस वर्षं त्या मशीनवर बसलीस. बाबांनी माझ्या हातात कात्री दिली आणि तुझ्या पायाखाली पायडल, तेव्हापासून मी कापायचं आणि तू शिवायचं हे ठरलेलं. मी खडूने रेघ मारली की तुझी शिवण तिच्यावरून दोराभरही सरकली नाही कधी. तू हाताने केलेली काजं बघून गिऱ्हाईक विचारतं, ही मशीनवर केली का. आणि तू मला लिहितेस, 'माझा हात आता भरवशाचा राहिला नाही.' हे तुला कुणी सांगितलं? दादाने. तो म्हणतो, वय झालं की हात सैल होतो. त्याला स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येत नाही आणि तो दुसऱ्याच्या हाताबद्दल बोलतो.

वर वहिनी तुला गॅसपाशी उभी राहू देत नाही. पोरं लहान आहेत, उगाच काही व्हायला नको, असं तिचं म्हणणं. आणि त्यावर तू काय लिहितेस, तर 'बरोबरच आहे तिचं.' काय बरोबर आहे? एकोणसाठ वर्षांच्या बाईला चहा करायला बंदी आणि ती मान डोलावते. तुझ्या या गरीबपणाचा मला लहानपणापासून राग येतो.

इकडची खबर सांगते. दुकान उघडं आहे, पण नावाला. मी कापते आणि शिवायला बाहेर देते. ज्या बाईला देते ती असं शिवते की एकाच पँटचे दोन पाय दोन वेगळ्या माणसांचे वाटतात. तीन गिऱ्हाइकांनी कपडे परत आणले. मी त्यांच्याशी भांडले, मग त्यांचंच खरं निघालं, मग पुन्हा उसवून दिले.

मला स्वतःला कापड सहन होत नाही. हे तुला माहीत नाही म्हणून सांगते. उजव्या कुशीला, पाठीच्या कण्यापासून पुढे पोटापर्यंत, चार बोटं रुंदीच्या पट्ट्यात कापड टेकलं की अंगातून वीज जाते. घासलं तर नाही, नुसतं टेकलं तर. मऊ, धुवून धुवून विरलेलं सुती कापडसुद्धा चालत नाही. मी माझ्या चारही गाऊनांचा उजव्या कुशीचा तुकडा कात्रीने काढून टाकला आहे आणि वरून ॲप्रन बांधते. तो अंगाला टेकू नये म्हणून त्याच्या कडेत तार घातली आहे. पंख्याचा वारा लागला तरी कळ येते, म्हणून पंखा बंद, म्हणून घाम, म्हणून चिडचिड. आयुष्यभर जगाला कपडे घातले आणि आता मलाच कपडा घालता येत नाही. तुला हसू आलं तर हस. मला येत नाही.

शेजारचा चष्मेवाला रोज सकाळी शटर वर करताना विचारतो, "काय ताई, भाजलेलं भरलं का?" मी म्हणते, भरतंय. खरं तर कातडी केव्हाच भरली. तीन आठवड्यांत खपल्या पडल्या, आता नुसते डाग आहेत. तेव्हा तुझ्या मलमाचा काही उपयोग नाही. दुखतं ते आत.

का दुखतं तेही लिहिणार होते, पण गिऱ्हाईक आलं आहे. उरलेलं उद्या.

बुधवार, सकाळ

काल गिऱ्हाईक आलं नव्हतं. पेन खाली ठेवायला निमित्त हवं होतं म्हणून तसं लिहिलं. खोडत नाही, राहू दे. पुढे याहून मोठ्या गोष्टी यायच्या आहेत.

आधी जे झालं ते क्रमाने लिहिते, कारण तुझ्या डोक्यात त्याचा गुंता झाला असणार आणि तो मीच करून ठेवला आहे.

त्या सोमवारी माझ्या कुशीत चमक आली. आपल्या घरात पाठ, कूस, खांदा, काहीही दुखलं की ते कटिंगचं दुखणं. बाबांना व्हायचं, मला होतं. टेबलावर वाकून वाकून होतं असं आपण धरून चालतो, आणि त्यावर आपल्याकडे एकच इलाज. कापडाची चौपदरी घडी दुखऱ्या जागी ठेवायची आणि वरून तापलेली इस्त्री टेकवायची. डॉक्टरला आपल्यात कुणी कधी विचारलं नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही दिवस दुकान बंद करताना मी कटिंगच्या टेबलावर पालथी पडले आणि तू शेक दिलास. तू घाबरत होतीस. "ताई, पुरे, लाल होतंय," म्हणत होतीस. मी म्हणत होते, "अजून तापव, एवढ्याने डाससुद्धा मरायचा नाही." हे तुला आठवत नसेल. आठवलं असतं तर तू क्षमा मागितली नसतीस.

गुरुवारी सकाळी फोड आले. पाण्याने भरलेले, घोसच्या घोस, आणि खाली कातडी लालबुंद. मी आरशात बघितलं आणि डोक्यात राख घालून घेतली. दुकानात कोटाचं माप द्यायला आलेले गृहस्थ होते, चष्मेवाला होता, त्याच्याकडची दोन माणसं गंमत बघायला दारात उभी होती. त्या सगळ्यांसमोर मी तुला म्हटलं, "भाजलंस तू मला. समोर माणूस आहे की पँट, एवढंही कळत नाही का तुला? असल्या हातांनी काम करण्यापेक्षा घरी बस." तू एक शब्द बोलली नाहीस. हातातल्या टाचण्यांच्या डबीला झाकण लावलंस आणि ती जागेवर ठेवलीस. शुक्रवारी सकाळच्या बसने दादाकडे गेलीस. मी बसपर्यंतसुद्धा आले नाही.

आता पुढचं नीट वाच.

त्यानंतरच्या मंगळवारी नर्सबाई आल्या. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या, ज्यांचे युनिफॉर्म आपण शिवतो त्या. त्यांना कंबर सैल करून हवी होती. मला माप घेण्यापुरतंही वाकता येत नाही हे बघून त्यांनी विचारलं, "काय झालंय?" मी म्हटलं, "बहिणीने इस्त्रीने भाजलं." त्या म्हणाल्या, "बघू." कपडे घालून बघायच्या त्या एवढ्याशा खोलीत पडदा ओढून त्यांनी बघितलं, आणि मग विचारलं, "इस्त्री पुढे पोटावरही ठेवली होती का?"

नव्हती ठेवली. मी पालथी होते, इस्त्री फक्त पाठीवर होती. फोड मात्र कण्यापासून निघून कुशीवरून पुढे पोटाच्या मध्यापर्यंत आले होते, एका पट्ट्यात, आणि बरोबर मध्यावर थांबले होते. डाव्या बाजूला एक ठिपका नव्हता. पंचेचाळीस वर्षं मी गळ्यात टेप घालून फिरते, माणूस दारातून आत आला की त्याची कंबर सांगते. आणि माझ्याच अंगावर इस्त्री कुठे होती आणि फोड कुठे आहेत हे मला दिसलं नाही. पाच दिवस मी त्यावर भाजल्याचंच मलम थापत होते.

"ताई, हे भाजलेलं नाही," त्या म्हणाल्या. "ही नागीण आहे. किती दिवस झाले?"

"फोड येऊन आज सहावा."

"गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू करायला हव्या होत्या. तरी आत्ता चला, उठा."

मी तिथेही भांडले. मला कुठून लागणार नागीण, मी दुकानाबाहेर पडत नाही, असं म्हटलं. त्या म्हणाल्या, बाहेरून येत नाही ती, आतच असते. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का?

आल्या होत्या. मी नऊची होते, तू चारची. आधी मला आल्या, मग माझ्याकडून तुला. आईने दोघींना एकाच पलंगावर निजवलं होतं आणि खाजवू नये म्हणून हातांत बाबांचे मोजे घातले होते. कांजिण्या बऱ्या झाल्या असं आपण समजलो. नर्सबाई म्हणाल्या, कांजिण्या बऱ्या होतात पण त्यांचा विषाणू जात नाही. तो पाठीच्या कण्याजवळ, नसांच्या मुळाशी झोपून राहतो, पन्नास पन्नास वर्षं. वय वाढलं, अंगातली प्रतिकाराची ताकद उतरली की तो जागा होतो आणि ज्या नसेत असतो तिच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. म्हणून तो पट्टा, म्हणून एकच बाजू. आणि फोड यायच्या आधी काही दिवस नुसतं दुखतं.

म्हणजे सोमवारी जी चमक आली तीच नागीण होती, बारके. तू इस्त्री तापवायच्या आधीची.

तू मला भाजलं नाहीस. तुझ्या हाताला काही झालेलं नाही. डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. त्यांनी गोळ्या दिल्या, पण उशीर झाला होता. फोड गेले, नस दुखायची राहिली. काहींची काही महिन्यांत थांबते, काहींची वर्षानुवर्षं चालते. माझी कधी थांबेल ते त्यांना सांगता येत नाही. असं तोंड करून सांगतात की मला त्यांचाही राग येतो.

हे सगळं मला त्या मंगळवारी कळलं. त्याला आज चार महिने झाले.

गुरुवार

कालची शेवटची ओळ लिहून उठले आणि दिवसभर दुसरं काही केलं नाही. एक बाही कापली, तीही उलटी.

तू विचारशील, चार महिने का नाही सांगितलंस. तू विचारणार नाहीस खरं तर, म्हणून मीच सांगते. त्या दिवशी पडद्याआड नर्सबाईंनी आणखी एक गोष्ट विचारली होती. "तुम्ही दोघी लस घेणार होतात ना? तुमची नावं मी स्वतः लिहिली होती. मग आला का नाहीत?"

गेल्या वर्षीची गोष्ट. त्यांनीच आपल्याला सांगितलं होतं की पन्नाशीनंतर नागिणीची लस घ्यावी. दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. तुला साखर आहे, तुम्ही तर टाळूच नका, असं त्या तुला म्हणाल्या होत्या. तू लगेच तयार झालीस. शुक्रवारची वेळ ठरली. मग आदल्या दिवशी मी तुला सांगितलं की दवाखान्यातून फोन आला होता, लस संपली आहे, पुढच्या महिन्यात बघू.

लस संपली नव्हती. फोन तिकडून आला नव्हता, मी केला होता. आपली दोघींची नावं मी काढायला लावली. तेव्हा त्या हॉटेलच्या बासष्ट कोटांचं काम अंगावर होतं आणि नर्सबाई म्हणाल्या होत्या की एक-दोन दिवस दंड दुखेल, अंग मोडून येईल, थोडा ताप येईल. मी विचार केला, दोघींचे हात एकदम बसले तर कोटांना अस्तर कोण लावणार. पुढच्या महिन्यात तू विचारलंस. मी म्हटलं, अजून आली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही विचारलंस, तेव्हाही तेच म्हटलं. तू मानलंस, कारण ताई कशाला खोटं बोलेल.

कोट वेळेवर गेले. ते वेळेवर आले म्हणून आजवर एका माणसाने चांगला शब्द काढलेला नाही.

आता कळलं का? भाजलं म्हटलं की दोष तुझा. नागीण म्हटलं की दोष माझा. मी तुझा निवडला. चष्मेवाला रोज विचारायचा तेव्हा निवडला, तू फोनवर रडलीस तेव्हा निवडला. ओरडलं की सांगावं लागत नाही, म्हणून मी ओरडत राहिले. तुझं पार्सल उघडलं तेव्हाही पहिला राग तुझाच आला, की या बाईला इतकं साधं असायची काय गरज आहे. मला माझीच किळस आली, पण ती नंतर.

मागच्या आठवड्यात मी लसीचा पहिला डोस घेतला. नर्सबाई म्हणाल्या, एकदा झाली म्हणजे पुन्हा होत नाही असं नाही, घेऊन टाका. दुखणं त्याने जाणार नाही, ते वेगळं. दंड दोन दिवस दुखला. एक दिवस अंग गरम होतं, जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी कापायला उभी राहिले. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी मी माझी आणि तुझी लस बुडवली. त्या तिसऱ्या दिवशी टेबलाशी उभी राहून मी स्वतःला ज्या शिव्या घातल्या त्या पत्रात लिहिण्यासारख्या नाहीत.

आज सकाळी चष्मेवाल्याने नेहमीचं विचारलं. मी म्हटलं, "भाजलं नव्हतं. नागीण होती. बहिणीचा काही दोष नव्हता, मी खोटं बोलत होते." तो घाबरून म्हणाला, "नागिणीची दोन तोंडं जुळली की माणूस जातो म्हणतात." मी म्हटलं, "जुळत नाहीत. एकाच बाजूला राहते ती. आणि मी गेले नाही, तुमच्यासमोर उभी आहे. तुमचं वय किती?" म्हणाला, "त्रेपन्न." "मग दवाखान्यात जा, लसीचं विचारा. मला विचारत बसू नका." तो मान हलवून शटरकडे वळला, आणि मग मागे न बघता म्हणाला, "पण ताई, त्या दिवशी तुम्ही त्यांना केवढं बोललात." मी आत येऊन हे पत्र पुढे ओढलं.

हे पत्र दादाला आणि वहिनीला वाचून दाखव, असं लिहिणार होते. पण तू दाखवणार नाहीस. माझी अब्रू जाईल म्हणून ते कपड्यांच्या तळाशी ठेवशील आणि सांगशील की मलम पोचलं, ताई बरी आहे. ओळखते मी तुला. म्हणून शनिवारी मी स्वतः येते आहे. पत्र आजच्या कुरियरने टाकते, उद्या तुझ्या हातात पडेल. सकाळची बस, पाच तास. सीटला टेकता येणार नाही, आणि बसमध्ये कूस उघडी टाकून बसता येत नाही, तेव्हा अंगभर कपडे घालावे लागतील. लागू दे. दादा, वहिनी, सगळी घरात असतील अशा बेताने पोचते. चारचौघांत तुझ्यावर आळ घेतला होता, चारचौघांतच परत घेईन. तुला दार उघडायचं नसेल तर उघडू नकोस. मी बाहेर उभी राहून बोलेन, आणि माझा आवाज केवढा आहे ते तुमच्या गल्लीला कळेल.

तिकडच्या दवाखान्यात सोमवारी सकाळी दहाची तुझी वेळ घेतली आहे, पहिल्या डोसची. तुझ्या साखरेचंही त्यांना सांगितलं आहे, चालेल म्हणाले. नर्सबाईंनी फोन लावून दिला आणि तुझं नाव मी सांगितलं, दोनदा, समोरच्याकडून म्हणवून घेतलं. मी सोबत येईन. नको म्हणालीस तर दहा पावलं मागून येईन, पण तू आत जाऊन बाहेर येईपर्यंत तिथून हलणार नाही. माझ्यावर रागावून लस टाळू नकोस, एवढं एकच मागणं आहे. बाकी राग हवा तेवढा कर.

मशीन कुणाला दिलेलं नाही, देणारही नाही, ते तुझं आहे. तिथे परत येऊन बसायचं की नाही ते तू ठरव. दादाकडे राहायचं असेल तर मी ते तिकडे पाठवून देईन आणि का राहतेस असं विचारणार नाही.

माझं सांगून झालं की तू बोल. त्या गुरुवारी जे बोलली नाहीस तिथून सुरू कर आणि आजपर्यंतचं सगळं बोल, दादासमोर, वहिनीसमोर, पोरांसमोर. मी तुला मध्ये तोडणार नाही. तुझं बोलणं संपेपर्यंत मी दारात उभी राहीन.

तुझ्यावर खोटा आळ घेणारी,
तुझी ताई